सर, इंग्रजी शिकवायला परदेशी जाऊ का?

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. एम.ए. इंग्रजी, बी.एड., टीईटी पास, अभियोग्यता चाचणी दोनदा दिलेली. सध्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. वय एकतीस. आधी इकडचं तिकडचं बोलला, पाऊसपाणी झालं, मग म्हणाला, "सर, थायलंडला इंग्रजी शिकवायला जाऊ का?"

एजंट भेटलाय म्हणे. दोन लाख रुपये भरायचे. आधी टुरिस्ट व्हिसावर जायचं, "तिथं गेल्यावर वर्क परमिट करून देऊ." वडील अर्धा एकर विकायला तयार आहेत.

मी म्हटलं, "चार दिवस थांब. पैसे भरू नकोस. मी जरा वाचतो आणि सांगतो."

चार दिवसांचे आठ झाले, कारण वाचत गेलो तसा विषय मागे मागे जात राहिला. आपल्याला वाटतं ही आजकालची गोष्ट आहे. तसं नाही. घरी नोकरी नाही म्हणून परक्या देशात जाऊन इंग्रजी शिकवायचं, या वाटेला सव्वाशे वर्षांहून जास्त इतिहास आहे. एजंटनं फसवणं हाही त्या इतिहासाचा पहिल्यापासूनचा भाग आहे. उत्तर एकट्याला फोनवर देण्यापेक्षा इथंच लिहितो. त्याच्यासारखे माझ्या यादीत बरेच आहेत. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात डब्लिनच्या एका बावीस वर्षांच्या पोरापासून करू. पदवी झालेली, आई वारलेली, वडिलांनी घर दारूत बुडवलेलं, भावंडांची रांग, कायमची नोकरी नाही. काही आठवडे एका शाळेत शिकवून बघितलं, जमलं नाही. १९०४ साली त्यानं इंग्लंडमधल्या एका एजन्सीला फी भरली. एजन्सीनं कळवलं की युरोपात बर्लिट्झ शाळेत इंग्रजी शिक्षकाची जागा मिळेल. उसनवारी करून तो आणि त्याची मैत्रीण ऑक्टोबरमध्ये झुरिकला पोचले. शाळेत गेले तर कळलं, जागाच नाही. कुणी कळवलंही नव्हतं. तिथून त्याला ट्रिएस्टला पाठवलं. तिथंही जागा नाही. शेवटी एड्रियाटिक समुद्राकाठी पोला नावाच्या गावात, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदलाच्या अधिकाऱ्यांना इंग्रजी शिकवायचं काम मिळालं. पुढच्या वर्षी ट्रिएस्टला बदली झाली, पोरगा झाला, उधारी वाढली, शिकवण्या चालू राहिल्या.

त्या पोराचं नाव जेम्स जॉइस. पुढं तो विसाव्या शतकातला सगळ्यात मोठ्या कादंबरीकारांपैकी एक ठरला. पण तेव्हा तो घरी भाकरी नाही म्हणून बाहेर गेलेला इंग्रजीचा मास्तर होता, आणि एजंटला पैसे देऊन फसलेला होता. हे लक्षात ठेवा.

त्याच्याही आधी डब्लिनमध्येच वाढलेला आणखी एक माणूस याच वाटेनं गेला होता, लाफकाडिओ हर्न. १८९० साली तो एका अमेरिकी मासिकासाठी लिहायला म्हणून जपानला गेला. पैशावरून मासिकाशी बिनसलं आणि परक्या देशात हा माणूस एकदम बेकार झाला. ओळखीतून मात्सुए नावाच्या लहान गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली. तिथंच लग्न केलं, जपानी नागरिक झाला, जपानी नाव घेतलं, आणि १८९६पासून टोकियोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागला. पण १९०३ साली विद्यापीठानं त्याला सोडलं. त्याच्या जागी जे आले त्यांत लंडनहून शिकून परतलेला नात्सुमे सोसेकी हा जपानी प्राध्यापक होता. पुढं तोही जपानचा मोठा कादंबरीकार झाला. विद्यार्थी हर्नसाठी हळहळले, पण जपानचं म्हणणं सरळ होतं. आमचा माणूस तयार होईपर्यंत परका लागत होता, आता आमचा माणूस तयार आहे.

या दोन गोष्टींत या धंद्याचा बराचसा स्वभाव दिसतो. एजंट खोटं बोलू शकतो, आणि यजमान देशाला तुमची गरज असते तोवरच तुमची नोकरी असते.

आता प्रश्न असा, की ज्याला शिकवण्याचं काहीही प्रशिक्षण नाही, समोरच्याची भाषा येत नाही, अशा जॉइसला कुणी मास्तर म्हणून ठेवलंच कसं? याचं उत्तर बर्लिट्झ या नावात आहे. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ हा जर्मनीतून अमेरिकेला गेलेला माणूस. १८७८ साली त्यानं ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स गावात भाषेची शाळा काढली. त्याची एक गोष्ट नेहमी सांगतात. त्यानं फ्रेंच शिकवायला एक सहायक बोलावला. तो आला तर त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्यात बर्लिट्झ आजारी पडला. नाइलाजानं त्या सहायकालाच वर्गावर सोडलं. काही आठवड्यांनी बघतो तर विद्यार्थी चक्क फ्रेंच बोलत होते. भाषांतर नाही, व्याकरणाची घोकंपट्टी नाही, वस्तू दाखवायची आणि बोलायचं. यातून त्याची पद्धत तयार झाली, आणि तिच्या शाखा जगभर निघाल्या.

पद्धत चांगली की वाईट, हा वेगळा विषय. पण धंद्याच्या अंगानं तिनं एक मोठी गोष्ट केली. वर्गात शिकणाऱ्याची भाषा लागतच नाही म्हटल्यावर शिक्षकाला ती यायची गरज उरली नाही. त्याची मातृभाषा हीच त्याची पात्रता झाली. डब्लिनचा, लंडनचा, शिकागोचा कुठलाही बेकार तरुण एका रात्रीत 'इंग्रजी शिक्षक' होऊ शकत होता. आजही परदेशी जाहिरातीत 'फक्त नेटिव्ह स्पीकर' असं लिहिलेलं असतं, त्याची एक मुळी तिथपर्यंत जाते.

खासगी शाळांचा हा धंदा पुढं सरकारांनी उचलला. जपानचं उदाहरण घ्या. १९८०च्या दशकात जपानी गाड्या आणि टीव्ही अमेरिकेच्या बाजारात धो धो जात होते. अमेरिका चिडलेली होती, जपान फक्त विकतो, घेत काही नाही. त्या वातावरणात जपान सरकारनं १९८७ साली 'जेट' नावाचा कार्यक्रम सुरू केला. इंग्रजी बोलणाऱ्या देशांतले ताजे पदवीधर बोलवायचे, सरकारी शाळांत सहायक शिक्षक म्हणून ठेवायचे, चांगला पगार द्यायचा. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. २००२ साली आकडा ६२७३वर गेला होता. पदवी कुठल्याही विषयातली चालायची. इतिहास, प्राणिशास्त्र, नाट्यशास्त्र, काहीही.

दक्षिण कोरियानं १९९५ साली तसाच सरकारी कार्यक्रम काढला. पण कोरियातला खरा बाजार खासगी क्लासचा, त्यांच्या भाषेत 'हागवॉन'. आपल्याकडच्या क्लासच्या वेडाची ज्यांना चीड आहे त्यांनी कोरिया वाचावा. १९८० साली तिथल्या लष्करी सरकारनं खासगी शिकवण्यांवर बंदीच घातली होती. ती हळूहळू सैल होत गेली आणि २००० साली तिथल्या घटनात्मक न्यायालयानं ती उरलीसुरली रद्द ठरवली. विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग असतो, त्या वेळेत आवाज होऊ नये म्हणून देशभरात विमानांची उड्डाणं थांबवतात. ज्या देशात इंग्रजीसाठी विमानं थांबतात तिथं इंग्रजी मास्तराला काय भाव असेल ते बघा.

मग आलं २००८. अमेरिकेत बँका बुडाल्या. ऑक्टोबर २००९मध्ये अमेरिकेची बेकारी १० टक्क्यांवर गेली. ब्रिटनमध्ये २०११च्या अखेरीला बेकार तरुणांची संख्या दहा लाखांच्या वर होती. आयर्लंडचं तर कंबरडंच मोडलं. २००७ साली बेकारी साधारण साडेचार-पाच टक्के होती, २०१२च्या सुमाराला पंधराच्या आसपास. बांधकामं अर्धवट, इंजिनिअर घरी, आणि बी.एड. झालेले आयरिश शिक्षक सरकारी शाळांत एकेका दिवसाच्या बदली कामासाठी फोनची वाट बघत बसलेले. ओळखीचं वाटतंय ना?

ही पोरं पूर्वेकडं निघाली. कोरियात तेव्हा महिना वीस लाख वॉन आणि त्यावर पगार होता, तेव्हाच्या दरानं साधारण ऐंशी हजार रुपये. राहायला फुकट खोली, जायचं विमानभाडं मालकाचं, वर्ष पूर्ण केलं की एक महिन्याचा पगार वर. अमेरिकी पोरांवर शिक्षणाचं कर्ज होतं, त्यांना घरी बर्गरच्या दुकानात काम करून ते फिटत नव्हतं, कोरियात फिटत होतं. दक्षिण आफ्रिकेतून तर खूप तरुण गेले, कारण तिथं २५ वर्षांखालच्यांत बेकारी ५० टक्क्यांच्या वर जाते.

मला या पोरांचं कौतुकही वाटतं आणि त्यांच्याबद्दल वाईटही वाटतं. घरी कुणी विचारत नाही, तर उठून हजारो किलोमीटरवर जायचं, ज्या भाषेतली पाटी वाचता येत नाही त्या गावात राहायचं, याला हिंमत लागते. पण तिथं त्यांचं काय झालं, तेही बघायला हवं.

जपानमध्ये नोव्हा नावाची इंग्रजी क्लासची सगळ्यात मोठी साखळी होती. परदेशी शिक्षक चार हजारांच्या आसपास, विद्यार्थी लाखांनी. ऑक्टोबर २००७मध्ये ती कोसळली. पगार आधीच थकले होते. पगारातून घरभाडं कापलं होतं, पण ते घरमालकाला दिलेलंच नव्हतं, म्हणून कित्येकांना खोलीतून बाहेर काढलं. वकिलातींना मदतीच्या फोनलाइन उघडाव्या लागल्या. जेवणाच्या बदल्यात शिकवणी, असा प्रकार काही शिक्षकांनी केला. लक्षात घ्या, हे अमेरिकेचे, ब्रिटनचे, ऑस्ट्रेलियाचे पासपोर्ट असलेले लोक होते.

कोरियात १९९७च्या आर्थिक संकटात वॉनची किंमत निम्म्यावर आली, तेव्हा मास्तरांचा घरी पाठवायचा पगारही निम्म्यावर आला आणि पुष्कळ जण परत गेले. व्हिसा मालकाशी बांधलेला, त्यामुळं मालकाशी भांडलात की देशच सोडायची पाळी. अकराव्या महिन्यात काढून टाकायचं, म्हणजे वर्ष भरल्यावरचा जादा पगार द्यायला नको, ही तक्रार तिथल्या परदेशी शिक्षकांमध्ये जुनी आहे. आपल्याकडं सलग सेवा धरली जाऊ नये म्हणून मध्ये खंड देतात, त्याचंच हे परदेशी रूप. शिवाय २००७पासून परदेशी भाषाशिक्षकांना एचआयव्ही चाचणी सक्तीची केली होती. कोरियन शिक्षकाला ती नव्हती. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेनं दुसऱ्यांदा चाचणी द्यायला नकार दिला, नोकरी गेली, ती संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीपर्यंत गेली, आणि २०१५ साली समितीनं तिच्या बाजूनं कौल दिला. २०१७मध्ये सरकारनं ती सक्ती मागं घेतली.

आणि हर्नची गोष्ट पुन्हा घडली. २०११च्या सुमाराला सोल शहरानं पैसे वाचवायला सरकारी शाळांतले परदेशी शिक्षक कमी करायला घेतले. कारण तेच, आता आमचे शिक्षक चांगलं इंग्रजी शिकवतात. चीननं तर जुलै २०२१मध्ये एका आदेशानं शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या क्लासवर बंदी घातली आणि देशाबाहेर बसलेल्या शिक्षकांकडून मुलांना ऑनलाइन शिकवणंही थांबवलं. अमेरिकेतल्या हजारो शिक्षकांचं रोजचं काम काही आठवड्यांत बंद झालं.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडं येतो. ही वाट त्याला उघडी आहे का?

कोरियाचा इंग्रजी शिक्षकाचा व्हिसा प्रामुख्यानं सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. पदवी कुठलीही चालते. ही यादी मी बराच वेळ बघत बसलो.

आयर्लंड घ्या. तेही इंग्रजांच्या ताब्यात होतं, आपल्यापेक्षा जास्त काळ. त्यांची स्वतःची भाषा होती, आयरिश. १८३१पासून सरकारी शाळा निघाल्या त्या इंग्रजीच्या. १८४५पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो लोक मेले, लाखो देश सोडून गेले, आणि त्यांत आयरिश बोलणारा गरीब माणूस सगळ्यात जास्त होता. घरची भाषा हळूहळू गेली आणि इंग्रजी ही मातृभाषा झाली. म्हणून आज आयरिश पोरगा 'नेटिव्ह स्पीकर' आहे. आम्हीही गुलाम होतो, पण आम्ही मराठी सोडली नाही. घरी मराठी बोलतो, शाळेत-कॉलेजात इंग्रजी शिकतो. म्हणून आम्ही 'नेटिव्ह' नाही! भाषा गमावली त्याला नोकरी, टिकवली त्याला नकार.

दक्षिण आफ्रिका घ्या. तिथल्या जनगणनेप्रमाणं घरी इंग्रजी बोलणारे दहा टक्क्यांहून कमी. झुलू, खोसा, आफ्रिकान्स बोलणारेच जास्त. मग ते यादीत कसे? तर शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा पुरावा दिला की चालतं. उत्तम निकष आहे. तोच निकष भारताला लावला असता तर आपल्याकडचे लाखो पदवीधर पात्र ठरले असते. म्हणजे निकष नुसता भाषेचा नाही, पासपोर्टचाही आहे.

भारतासाठी एक बारीकशी फट आहे. भारत-कोरिया व्यापार करार १ जानेवारी २०१०पासून लागू झाला. त्यात भारतीयांना कोरियातल्या सरकारी शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक होता येईल असं कलम घातलं गेलं. पण अट काय? सात देशांतल्या कुणाला प्राणिशास्त्राची पदवी चालते, भारतीयाला मात्र इंग्रजीची पदवी आणि वर शिक्षकाचा परवाना हवा. तशी ही अट वाईट नाही, उलट खरी अट हीच असायला हवी होती, सगळ्यांना. या कलमाखाली गेलेला मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.

"भारतीयाचं इंग्रजी बाहेर चालत नाही" असं जे म्हणतात त्यांना इथिओपियाचा इतिहास सांगावा लागेल. १९३६ ते १९४१ इटलीनं इथिओपिया ताब्यात ठेवला आणि शिकलेली पिढी वेचून मारली. १९४१ला सम्राट हेले सेलासी परतला तेव्हा शाळा उभ्या करायच्या होत्या आणि शिक्षक नव्हते. माध्यमिक शिक्षणाची भाषा इंग्रजी ठरली. शिक्षक आले भारतातून, त्यातले बरेचसे केरळमधून. केरळात तेव्हा शिकलेले पुष्कळ होते आणि नोकऱ्या कमी. मिशनच्या शाळा-कॉलेजांतून बाहेर पडलेले मल्याळी पदवीधर, नवरा-बायको दोघं शिक्षक, डोंगरातल्या लहानसहान गावांपर्यंत गेले. १९६२पासून अमेरिकेचे पीस कोअरचे तरुणही तिथं आले, पण ते दोन वर्षांत परत जायचे. आपले लोक वर्षानुवर्षं राहिले, गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकवत. एका अख्ख्या देशाच्या शिकलेल्या पिढीनं इंग्रजी हे मल्याळी उच्चारांत ऐकलं आणि त्याच्या जोरावर पुढं जगभर शिकायला गेली. १९७०च्या दशकात नायजेरियात तेलाचा पैसा आला, १९७६ला सार्वत्रिक प्राथमिक शिक्षण सुरू झालं, शिक्षकांची टंचाई झाली, तेव्हा तिकडंही भारतीय शिक्षक गेले.

अर्थात त्याही गोष्टींना शेवट होता. इथिओपियात १९७४ला क्रांती झाली, लष्करी राजवट आली. नायजेरियात ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव पडले आणि पगाराचं चलन मातीमोल झालं. आणि दोन्हीकडं त्यांचे स्वतःचे शिक्षक तयार होत गेले, जे व्हायलाच हवं होतं.

गंमत बघा, १९६१ साली युगांडातल्या माकेरेरे इथं राष्ट्रकुल देशांची इंग्रजी शिकवण्यावर परिषद झाली. त्या काळच्या तज्ज्ञांचा एक पक्का समज असा, की इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे नेटिव्ह स्पीकर. त्याच वेळी इथिओपियात हे काम मल्याळी मास्तर करून दाखवत होते. रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकानं १९९२ साली त्या समजाला सरळ भ्रम म्हटलं. पण जाहिराती अजून तशाच निघतात. थायलंडात एकाच शाळेत गोऱ्या शिक्षकाला एक पगार आणि फिलिपिनो शिक्षकाला त्याहून कमी, ही पद्धत सर्रास आहे. तिथं आपला नंबर कुठं लागेल ते सांगायला नको.

आता घरचं बोलू. पोरं जायला का निघतात? २०१२ साली महाराष्ट्रात शिक्षकभरती थांबवली. त्याआधी डी.एड. कॉलेजं गावोगाव काढायला परवानग्या देऊन ठेवल्या होत्या. २०१३ला टीईटी आली, २०१७ला अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आलं. त्यानंतरची दुसरी चाचणी थेट २०२३ला. मध्ये टीईटीतला घोटाळा उघडकीला आला तो वेगळाच. पाच-सहा वर्षांत एक परीक्षा, आणि पोरांची वयं तर थांबत नाहीत. निवड झालीच तर आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. २०२३पर्यंत प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिन्याला ६००० रुपये मिळत होते, तेव्हा ते १६,००० झाले. आणि ज्यांची निवड होत नाही ते विनाअनुदानित शाळेत, नाहीतर तासिकेवर. एका संस्थेनं मला स्वतःला मुलाखतीत काय विचारलं होतं ते इथं लिहीत नाही, पण तो प्रश्न इंग्रजी व्याकरणाचा नव्हता, रकमेचा होता.

कोरियाबद्दल वाचताना एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. ज्या देशात गोऱ्या पदवीधराला विमानाचं तिकीट देऊन बोलावतात, त्याच देशात इंग्रजी शिक्षणाची रीतसर पदवी घेतलेली कोरियन पोरं सरकारी शिक्षकभरतीच्या परीक्षेला वर्षानुवर्षं बसतात. जागा थोड्या, उमेदवार ढीगभर. अभ्यासिकेत बसलेली, आईबापाला तोंड दाखवायला लाजणारी. आयर्लंडचा बेकार मास्तर कोरियात, कोरियाचा बेकार मास्तर अभ्यासिकेत, आणि मराठवाड्याचा बेकार मास्तर थायलंडच्या एजंटच्या दारात. तिन्हीकडच्या सरकारांना हे सोयीचंच आहे. जो निघून गेला तो मोर्चात येत नाही. आयर्लंडमध्ये तेव्हा हेच बोललं जात होतं, की बेकारीचा आकडा खाली आला तो काही अंशी पोरं विमानात बसली म्हणून.

माझ्या विद्यार्थ्याला, आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना, माझं सांगणं असं.

जायला माझी ना नाही. हर्न गेला, जॉइस गेला, केरळचे मास्तर गेले, ते काही चुकले नाहीत. पण टुरिस्ट व्हिसावर जाऊन शिकवणं हे थायलंडात बेकायदा आहे. पकडलं गेलास तर एजंट फोन उचलणार नाही. कामाचा व्हिसा आणि शाळेचं लेखी करारपत्र हातात पडल्याशिवाय विमानात बसायचं नाही. थायलंडला नोकरी म्हणून नेलेली आपली पोरं सीमेपलीकडं म्यानमारात ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर कोंडली गेली, मार्च २०२५मध्ये पाचशेहून जास्त जणांना वायुसेनेच्या विमानांनी परत आणावं लागलं, हे विसरू नकोस.

एजंटचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेलं आहे का ते आधी बघ. नोंदणीकृत एजंटला नियमानं तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, इतकीच फी घेता येते. दोन लाख मागतो तिथंच उत्तर मिळालं. शाळेचं नाव, पत्ता घे, शाळेला थेट मेल कर, तिथं शिकवणाऱ्या भारतीयाशी बोल. आखाती देशांतल्या सीबीएसई शाळा आणि मालदीवच्या शाळा भारतीय शिक्षक घेतात, तिथं तुझ्या बी.एड.ला किंमत आहे. तिकडं आधी बघ. आणि गेलास तर किती वर्षांसाठी आणि परत येऊन काय, हे वहीत लिहून ठेव. पाच वर्षांनी परतलेल्या बऱ्याच गोऱ्या पोरांना घरी तोच प्रश्न भेटला, फक्त वय वाढलेलं.

आणि जमीन विकायची नाही. हे वडिलांना मी स्वतः फोन करून सांगितलं.

ही पोस्ट टाकायच्या आधी त्याला वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "बरं सर, एजंटला नाही म्हणतो. पण मग इथं काय करू?"

मी म्हटलं, "पुढची चाचणी दे." तो हसला नाही, रागावलाही नाही, "हो सर" म्हणाला. त्या "हो सर"नं मला रात्रभर झोप लागली नाही. याचं उत्तर माझ्याकडं नाही. ते ज्यांच्याकडं आहे ते मतं मागायला दारात येतील, तेव्हा त्यांना एकच विचारा: आपल्या जिल्ह्यात शिक्षकांच्या जागा किती रिकाम्या आहेत, आणि कोणत्या तारखेला भरणार? तारीख मागा, नुसतं आश्वासन घेऊ नका.

तुमच्यापैकी कुणी परदेशात शिकवून आलं असेल, किंवा एजंटकडून फसलं असेल, तर खाली लिहा. नाव द्यायचं नसेल तर मला मेसेज करा, नाव न देता टाकतो. कुणाच्या तरी घरची जमीन वाचेल.